पामवरची उडी ब्राउझरमध्ये जोखू नका

2022 मध्ये इंटरनेट अर्काइव्हवाल्यांनी जुन्या पाम पायलटचे, म्हणजे खिशात मावणाऱ्या डिजिटल डायरीचे (ऑर्गनायझरचे), शेकडो प्रोग्रॅम थेट ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले, आणि तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी त्यातला एखादा उड्या मारायचा गेम उघडतं, पाच मिनिटं खेळतं आणि निकाल देऊन मोकळं होतं. हिरो तरंगतो, उडी ढिली आहे, बॅकग्राउंड रिकामं आहे, स्क्रीन सरकत नाही नुसती बदलते, गेमबॉयवर, म्हणजे निन्टेंडोच्या हातातल्या खेळाच्या मशीनवर, याहून भारी गेम दहा वर्षं आधी होते. मला हे वाचून खरंच राग येतो. कारण यातल्या निम्म्या गोष्टी दोष नाहीतच, त्या त्या मशीनसाठी मुद्दाम केलेल्या आहेत, आणि ज्या गोष्टींवर असा गेम खरोखर पास किंवा नापास व्हायला हवा त्या ब्राउझरमध्ये दिसतच नाहीत.

मी हे ठामपणे सांगते कारण असा एक गेम बनताना मी अगदी जवळून बघितलाय. 1999 साली मी न्यू जर्सीत एडिसनला होते, वाय-टू-केच्या, म्हणजे 2000 सालच्या तारखांसाठी सॉफ्टवेअर दुरुस्त करायच्या, लाटेत आपल्याकडची जी मंडळी तिकडे गेली त्यातलीच एक, काम टेस्टिंगचं, आणि पर्समध्ये पाम थ्री. धाकटा भाऊ पुण्यात. त्याला पामसाठी प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे फळ्यांवरून उड्या मारत पुढे जायचा गेम, लिहायचा होता आणि त्याच्याकडे पाम नव्हता. पीसी होता, त्यावर पाम ओएसचा एम्युलेटर, म्हणजे पीसीवर पामची नक्कल करणारा प्रोग्रॅम, होता ज्याला सगळे पोझ म्हणायचे, आणि पामचे प्रोग्रॅम बनवायला जीसीसी कंपायलरवर चालणारी फुकटची पीआरसी-टूल्स होती. तो रात्री कोड लिहायचा, व्हीएसएनएलच्या डायल-अपवरून फाइल मेल करायचा, मी ती हॉटसिंक करून, म्हणजे पीसीला जोडून, पामवर घ्यायचे, सकाळी न्यूयॉर्कला जाणाऱ्या ट्रेनमध्ये खेळायचे आणि रात्री त्याला सविस्तर लिहायचे. फोन नाही, आयएसडी परवडायचं नाही, त्यामुळे सगळं मेलवर. त्याचा पहिला मेल दोन ओळींचा होता, "ताई, फक्त उडी कशी वाटते ते सांग. चित्रं नंतर बघू."

प्रश्न एकदम बरोबर होता. प्लॅटफॉर्म गेममध्ये उडीच सगळं काही असते, ती जमली की नुसत्या चौकोनांवरून उड्या मारायलाही मजा येते आणि ती फसली की कितीही सुंदर किल्ले काढा, उपयोग नाही. अडचण अशी की त्याच्या स्क्रीनवर उडी परफेक्ट होती आणि माझ्या हातात नव्हती. तिसऱ्या स्क्रीनवर काटे होते, त्यांच्यावरून पलीकडे जायचं, तो म्हणे डोळे मिटून जमतं, मी तिथे मरायचे आणि का मेले ते कळायचंच नाही. दाबलं तर होतं. की नव्हतं? काट्याला लागले की काट्याच्या आधीच पडले?

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे आणि ती अजून बदललेली नाही. मेल्यावर "अरे यार, मीच लवकर दाबलं" असं वाटलं पाहिजे. मशीनने मारलं असं वाटलं की गेम नापास, मग बाकी काहीही असो. पामवर ही कसोटी पास होणं फार अवघड होतं कारण स्क्रीन, बटणं आणि ते ऑर्गनायझर असणं, तिन्ही गोष्टी खेळणाऱ्याच्या आणि उडीच्या मधे येऊन उभ्या राहायच्या.

आधी स्क्रीन, कारण गेमबॉयशी तुलना तिथूनच सुरू होते. गेमबॉय 1989 चा, त्याची स्क्रीन 160 बाय 144 ठिपक्यांची. पामची 160 बाय 160. म्हणजे कागदावर पाम किंचित पुढेच, शिवाय पाम थ्रीचा मोटोरोला ड्रॅगनबॉल प्रोसेसर 16 मेगाहर्ट्झचा, गेमबॉयचा चारच्या आसपास, तर लोकांना वाटतं पामवर गेमबॉयसारखा गेम सहज व्हायला हवा होता. पण गेमबॉय मुळात खेळण्यासाठी बनवलेला. त्याच्या आत बॅकग्राउंड सरकवायला वेगळं हार्डवेअर, 40 स्प्राइट, म्हणजे छोटी हलती चित्रं, हलवायला वेगळं हार्डवेअर, प्रोसेसरने फक्त सांगायचं की हा इकडे आणि तो तिकडे. पाममध्ये यातलं काहीच नाही. पाम फोन नंबर आणि मीटिंगा दाखवायला बनवलेला, तिथे प्रत्येक ठिपका प्रोसेसरने स्वतः मेमरीत नेऊन ठेवायचा, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचे 3200 बाइट, चार छटा हव्या असतील तर 6400, आणि स्क्रीन सरकवायची म्हणजे हे सगळं सेकंदाला वीस वेळा परत लिहायचं. एक पळवाट होती, स्क्रीन चालवणाऱ्या एलसीडी कंट्रोलरला स्क्रीनची मेमरी कुठून वाचायची तो पत्ताच बदलून द्यायचा, काही हुशार लोक ते करायचे पण पाम ओएसला वळसा घालून थेट हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये हात घालणं आलं, पुढच्या मॉडेलवर ते चालेल याची हमी नाही.

आणि समजा प्रोसेसरने सगळं वेळेत लिहिलं, तरी काच साथ द्यायची नाही. हा मुद्दा ब्राउझरमध्ये अजिबात कळत नाही म्हणून जरा थांबून सांगते. त्या एलसीडीचे ठिपके काळ्याचे पांढरे व्हायला वेळ घ्यायचे. पत्त्यांच्या यादीत ते जाणवत नाही, तिथे काही हलतच नाही. पण भावाच्या गेमचा हिरो, बारा ठिपके उंचीचा टोपीवाला पोरगा, तिरका उडाला की त्याच्यामागे राखाडी शेपूट यायचं, तो पुढे गेलेला असायचा आणि तो जिथे होता तिथे अजून अर्धा दिसायचा. भावाने जमिनीला एक ठिपका काळा एक पांढरा असा बुद्धिबळाच्या पटासारखा पॅटर्न दिला होता, त्याच्या मॉनिटरवर ती छान राखाडी माती दिसायची. पामवर स्क्रीन सरकायला लागली की ती सगळी माती लुकलुकायची, आणि काटे एकेक ठिपका जाडीचे असल्यामुळे त्या धुरळ्यात गायब. मी मरत होते ती इथे. काटे मला दिसत होते ते जिथे होते तिथे, जिथे आहेत तिथे नाही.

मग तो काय काय बदलत गेला ते बघण्यासारखं आहे, कारण आजचे परीक्षक नेमके ह्याच बदलांना नावं ठेवतात. मातीचा पॅटर्न काढला, जमीन म्हणजे एक जाड काळी रेघ आणि खाली कोरं. बॅकग्राउंड पूर्ण रिकामं. काटे तीन ठिपके जाड आणि त्यांच्याभोवती पांढरी मोकळी जागा. स्क्रीन सरकवणं बंद, उजव्या टोकाला पोचलात की पुढची स्क्रीन एकदम समोर. आणि उडी हळू केली, वर जाताना आणि खाली येताना प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला, कमी ठिपके, म्हणजे काचेला त्याच्याबरोबर राहता येईल. पीसीवर ही उडी बघितली तर हिरो तरंगतोय असंच वाटतं. पामवर तीच उडी अगदी बरोबर वेळेत खाली यायची. म्हणजे तरंगणारी उडी हा त्या काचेवरचा गुण आहे, आणि ज्या गेममध्ये ती आहे तो लिहिणाऱ्याने खरा पाम हातात धरला होता किंवा धरणाऱ्याचं ऐकलं होतं असं मी खुशाल समजते.

आता बटणं. खाली चार गोल बटणं, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, मधे वर-खाली स्क्रोल. डावीकडची दोन कॅलेंडर आणि पत्ते, उजवीकडची टू-डू आणि मेमो. जवळजवळ सगळे गेम डावीकडच्या दोनांवर डावं-उजवं आणि उजवीकडच्या एकावर उडी ठेवायचे, दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच. पण या बटणांना कुणी सेकंदात पाच वेळा दाबेल असा विचार ते बनवताना झालेला नव्हता. छोटी, कडक, दाबली की अंगठ्याला शेवट कळायचा पण सुरुवात कळायची नाही. आणि सगळी एकदम खालच्या काठाला, त्यामुळे दोन्ही हातांनी धरलं की वजन वर राहायचं आणि मशीन मागे कलायचं, मग आपण ते करंगळ्यांवर तोलायचो आणि स्क्रीनचा कोन बदलला की काँट्रास्टही बदलायचा. ट्रेनमध्ये खिडकीतून ऊन आलं की परत सगळं नव्याने.

भावाच्या पहिल्या व्हर्जनमध्ये उजवं बटण धरून ठेवलं की पोरगा एक पाऊल टाकायचा, क्षणभर थांबायचा, मग भराभर चालायचा. मी लिहिलं, हा अडखळतोय. त्याने बराच वेळ मानलं नाही. मग शोधलं तर निघालं असं की तो सिस्टिमच्या इव्हेंटच्या रांगेतून बटणं वाचत होता, आणि ती रांग टायपिंगच्या हिशोबाची, एकदा दाबलं, थोडा वेळ थांब, अजून दाबलेलंच आहे का, मग रिपीट. यादी खाली सरकवायला हे उत्तम. धावायला निरुपयोगी. पाम ओएसमध्ये बटणं या क्षणी कोणती दाबलेली आहेत ते थेट विचारायची सोय होती, की-करंट-स्टेट नावाची, ती वापरल्यावर पोरगा सरळ धावायला लागला. जुना गेम उघडलात तर पहिल्यांदा हेच बघा, बटण धरून ठेवा, पहिल्या आणि दुसऱ्या पावलात अंतर पडतंय का. पडत असेल तर पुढे खेळायची गरज नाही, ज्याने लिहिलाय त्याने स्वतः धावून बघितलेलं नाही.

मला यात अजून एक गोष्ट महत्त्वाची वाटते ती म्हणजे कडेवरची सवलत. चांगल्या प्लॅटफॉर्म गेममध्ये पाय फळीच्या कडेवरून सुटल्यानंतरही एकदोन फ्रेम उडी घेता येते, खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही पण त्याला न्याय मिळाल्यासारखं वाटतं. टीव्हीवर ही सवलत थोडी पुरते. पामवर काच मागे, बोट मागे, त्यात सेकंदाला वीस फ्रेम म्हणजे एकेक फ्रेम पन्नास मिलिसेकंदांची, तिथे ही सवलत भरपूर लागते. भावाला ते चीटिंग वाटायचं. "ताई, तो हवेत आहे आणि तू उडी मागतेयस." मी म्हटलं मला तो हवेत दिसत नाहीये, मला तो कडेवर दिसतोय, मी जे बघते त्यावर खेळणार ना. शेवटी त्याने तीन फ्रेम दिल्या. तिसरी स्क्रीन त्या दिवशी पार झाली आणि नंतर चौथ्यावर मेले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी घाई केली.

याच बाबतीत पुढचा एक किस्सा सांगायलाच हवा. 2000 साली कॉम्पॅकचा आयपॅक हा हातातला छोटा कॉम्प्युटर आला, 206 मेगाहर्ट्झ, रंगीत स्क्रीन, 240 बाय 320, आमच्या ऑफिसात ज्याच्याकडे होता त्याच्या टेबलाशी गर्दी असायची. प्रोसेसरचा आकडा पाम थ्रीच्या जवळजवळ तेरापट. पण त्या पहिल्या आयपॅकला दोन बटणं एकाच वेळी दाबलेली कळायची नाहीत. म्हणजे उजवीकडे धावताना उडी मारायची तर धावणं सुटायचं. एवढ्या ताकदीच्या मशीनवर प्लॅटफॉर्म गेमची ही मूळ हालचालच अडायची, आणि आमचा काळापांढरा टोपीवाला पोरगा धावता धावता उडी घ्यायचा. गेम जोखताना आकडे बघून काही कळत नाही असं मी म्हणते ते यामुळे.

आता तिसरी गोष्ट, ज्याकडे कुणी बघतच नाही. हे मशीन ऑर्गनायझर आहे. पाम ज्याच्या डोक्यातून आला तो जेफ हॉकिन्स पाम बनवण्याआधी त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरायचा आणि मीटिंगमध्ये तो काढून नोंद केल्याचं नाटक करायचा, कारण त्याला बघायचं होतं की खिशातून काढून पटकन बघून परत ठेवणं कसं जमतं. 1996 मध्ये पहिला पायलट आला तो याच विचारातून. तर अशा मशीनवरचा गेम हा पाहुणा असतो. कुणी नंबर विचारला तर गेममधून बाहेर पडून पत्ते उघडता आले पाहिजेत, आणि परत आल्यावर पोरगा त्याच स्क्रीनवर, त्याच फळीवर, तेवढ्याच जिवांसकट उभा पाहिजे. पाम ओएस प्रत्येक प्रोग्रॅमला बंद होण्याआधी सांगायची की चल, आवर. त्या वेळात सगळं लिहून ठेवणं हे लिहिणाऱ्याचं काम. फोन नंबर बघून आले आणि पहिल्या लेव्हलपासून सुरू, असे गेम मी बघितलेत, विकतसुद्धा घेतलेत. असे गेम मी लगेच डिलीट करायचे, उडी कितीही चांगली असली तरी.

अलार्मचंही तेच. मीटिंगची आठवण गेमच्या मधेच वर येणार. गेमने नुसती स्वतःची चक्रं फिरवत बसून सिस्टिमला संधीच दिली नाही तर आठवण वेळेवर येत नाही, आणि मग माझी मीटिंग गेली. आणि संधी दिली पण आठवण स्क्रीनवर असताना पोरगा मागे चालतच राहिला तर ती बंद करेपर्यंत तो काट्यात. चांगला गेम आपली खिडकी झाकली गेली की तिथल्या तिथे थांबतो, आणि परत आल्यावरही बटण दाबेपर्यंत थांबूनच राहतो. हे शेवटचं भावाने स्वतःहून केलं, मी सांगितलं नव्हतं, मला फार कौतुक वाटलं. आवाजाचंही बघा, पाम थ्रीच्या सेटिंगमध्ये सिस्टिमचा आवाज, अलार्मचा आवाज आणि गेमचा आवाज असे तीन वेगवेगळे पर्याय होते. आवाज म्हणजे काय तर एका वेळी एकच पीं, पण मी गेमचा आवाज बंद केलेला असताना कुणी उडीला पीं वाजवलं तर तो उद्धटपणाच.

बॅटरी म्हणजे दोन ट्रिपल-ए सेल. ऑर्गनायझर म्हणून वापरलं तर आठवडेच्या आठवडे जायचे कारण दोन टॅपच्या मधल्या वेळात प्रोसेसर डुलकी घ्यायचा. गेम त्याला डुलकी घेऊ देत नाही. ते चालायचंच, पण पॉजच्या स्क्रीनवर असतानाही प्रोसेसर फुल चालू ठेवणारे गेम होते आणि ते कळायचं ते सेल बसल्यावर.

वेगाबद्दल थोडक्यात. पामचं घड्याळ सेकंदाला शंभर टिक द्यायचं. हालचाल त्या टिकवर बांधली तर गेम सगळ्या पामवर सारखा. नुसतं लूप जितक्या वेगाने फिरेल तितकं बांधलं तर 16 मेगाहर्ट्झवर नीट चालणारा गेम 2001 च्या 33 मेगाहर्ट्झच्या पाम एम505 वर दुप्पट पळायचा आणि खेळता यायचा नाही. जुन्या गेममध्ये हे फार सापडतं. आज एम्युलेटरवर एखादा गेम वेड्यासारखा पळताना दिसला तर आधी कोणतं मॉडेल चालू आहे ते बघा आणि जुनं निवडून परत खेळा.

पोझ एम्युलेटरवर ग्रेमलिन नावाची एक सोय होती, ती सोडली की एम्युलेटर आपोआप भसाभस टॅप आणि बटणं दाबत सुटायचा, प्रोग्रॅम कुठे कोसळतो ते शोधायला. भाऊ रात्री ग्रेमलिन लावून झोपायचा. टेस्टिंगवाली म्हणून मला ते प्रचंड आवडायचं, आणि खरंच त्यामुळे त्याचा गेम माझ्याकडे एकदाही फेटल एररवर अडकला नाही, मागच्या भोकात पेपरक्लिप घालून रीसेट करायची वेळ आली नाही. पण ग्रेमलिन हजारो वेळा काट्यात पडला तरी त्याने कधी सांगितलं नसतं की काटे दिसत नाहीयेत. ते ट्रेनमधल्या उन्हातच कळतं.

आज ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर पामचे गेम चालवायला क्लाउडपायलट नावाचा एम्युलेटर आहे, फार मेहनतीने केलेला आहे आणि मी तो वापरते. पण चकचकीत स्क्रीन, शेपूट नाही, बटणांच्या जागी काचेवरची चित्रं, त्यामुळे तिथे बसून उडी ढिली म्हणणं म्हणजे अर्धाच गेम बघणं. निदान कीबोर्ड लावून खेळा, मधेच बाहेर पडून परत या, अलार्म लावून बघा. जमलं तर कुणाकडून खरा पाम दहा मिनिटं मागून घ्या, जुन्या गॅजेटवाल्यांकडे अजून मिळतात.

भावाच्या गेमला मी पास केलं, आणि नात्यामुळे नाही. तरंगणारी उडी, जाड काटे, रिकामं बॅकग्राउंड, नंबर बघून परत आलं की पोरगा तिथेच. एकच गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही, ती सातव्या स्क्रीनवरची शिडी. शिडी चढायला त्याने मधलं स्क्रोलचं वरचं बटण ठेवलंय, त्यासाठी उडीवरचा अंगठा उचलून मधे न्यावा लागतो, आणि शिडीवरून लगेच उडी घ्यायची असल्यामुळे तो वेळेत परत येत नाही. तो म्हणतो तेवढं अवघड असायलाच हवं, सातवी स्क्रीन आहे. मी म्हणते अवघड जागा असावी, अवघड बटण नाही, उडीचंच बटण शिडीसमोर चढायला वापर. मागच्या दिवाळीला परत हाच वाद झाला, सोर्स त्याच्याकडे अजून आहे, आणि ती शिडी अजून तशीच आहे.